कॅमेऱ्याची स्मृती आणि लेकराचा शब्द

(बालसुरक्षा या विषयावर पालक, शिक्षक आणि सामाजिक कार्यकर्ते यांच्यासमोर एका ज्येष्ठ फौजदारी वकिलांनी केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



आजच्या विषयाचे निमंत्रण मला मिळाले तेव्हा संयोजकांनी एक वाक्य आवर्जून सांगितले. ते म्हणाले, ‘‘आमच्या भागातील सर्व शाळांत आता सीसीटीव्ही कॅमेरे बसले आहेत, तेव्हा पालकांना थोडा दिलासा मिळेल असे बोला.’’ मी त्यांना म्हटले, दिलासा देण्याचे काम मी जरूर करीन. पण त्याआधी थोडी अस्वस्थता निर्माण करावी लागेल. कारण कॅमेरा बसला म्हणजे मूल सुरक्षित झाले, ही समजूत आज आपल्या समाजात फार वेगाने पसरते आहे, आणि ती धोक्याची आहे.

महाभारतातील द्यूतसभा आपल्या सर्वांना ठाऊक आहे. त्या सभेत साक्षीदारांची वाण नव्हती. भीष्म पाहत होते, द्रोण पाहत होते, कृपाचार्य पाहत होते. अन्याय भर दरबारात, उघड्या डोळ्यांसमोर घडत होता. द्रौपदीने प्रश्न विचारला, विदुराने आवाज उठवला, कौरवांपैकी एकटा विकर्ण बोलला. बाकी सारी सभा खाली मान घालून बसली. पाहणारे पुष्कळ असले म्हणून अन्याय थांबत नाही, हे आपल्या पूर्वसुरींनी किती आधी सांगून ठेवले आहे! कॅमेरा तर भीष्म-द्रोणांहून अधिक हतबल आहे. तो उठून उभा राहू शकत नाही. त्याला फक्त आठवण ठेवता येते, आणि तीही मोजके दिवस. ती आठवण न्यायासन्मुख उभी करायची असेल तर कोणा जिवंत माणसाला वेळेवर उठावे लागते. आज मला एवढेच सांगायचे आहे. बाकी सारे त्याचे स्पष्टीकरण आहे.

खारघर : जिला बोलता येत नव्हते

सुरुवात कॅमेऱ्याच्या यशापासून करतो, कारण ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. नोव्हेंबर २०१६ मधील घटना आहे. नवी मुंबईतील खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांची एक तान्ही मुलगी रोज ठेवली जात असे. आईवडील दोघेही नोकरी करणारे. एके दिवशी आईला बाळाच्या अंगावर जखमा दिसल्या. वैद्यकीय तपासणी झाली, पोलिसांकडे तक्रार गेली आणि पाळणाघरातील चित्रण तपासले गेले. त्यात सांभाळणारी बाई त्या बाळाला मारताना, आपटताना दिसली. तिला अटक झाली. समाजात संतापाची लाट उसळल्यावर गुन्ह्याची कलमेही अधिक कडक करण्यात आली.

या घटनेत कॅमेरा नसता तर काय झाले असते, याचा विचार करा. दहा महिन्यांचे मूल साक्ष देऊ शकत नाही. ‘बाळ पडले’, ‘दुसऱ्या मुलाने ढकलले’ ही उत्तरे अशा ठिकाणी तयारच असतात. आईला संशय आला असता, पण तिच्या संशयाला पुराव्याचा आधार मिळाला नसता. येथे कॅमेरा त्या मुक्या लेकराची वाणी झाला.

परंतु या घटनेचा दुसरा भागही पाहिला पाहिजे. ते चित्रण घडत होते त्या वेळी ते कोणीही पाहत नव्हते. संस्थेच्या मालकीचा कॅमेरा, संस्थेच्या जागेत चाललेली मारहाण, आणि तरीही ती रोखली गेली नाही. कॅमेऱ्याने मारणारा हात रोखला नाही. हालचाल झाली ती आईच्या डोळ्यांमुळे. तिने बाळाचे अंग पाहिले, तिला शंका आली आणि ती स्वस्थ बसली नाही. आधी आईची नजर, मग कॅमेऱ्याची स्मृती, असा हा क्रम आहे. तो उलटा करू नका.

बदलापूर : हरवलेले दिवस

आता ज्या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला तिच्याकडे वळू. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत अगदी लहान वयाच्या दोन मुलींवर शाळेच्या स्वच्छतागृहात अत्याचार झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. आरोपी कंत्राटी पद्धतीने नेमलेला सफाई कर्मचारी होता. १६ ऑगस्टच्या रात्री प्राथमिक माहिती अहवाल नोंदवला गेला. पण त्यासाठी पालकांना कित्येक तास पोलीस ठाण्यात ताटकळत बसावे लागले. २० ऑगस्टला लोकांचा उद्रेक झाला. रेल्वेमार्ग अडवला गेला, शाळेत घुसून तोडफोड झाली. पोलिसांच्या दिरंगाईबद्दल तिघांना निलंबित करण्यात आले. विशेष तपास पथक नेमले गेले आणि मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली.

पुढे तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनी जाहीरपणे सांगितले की, शाळेतील सुमारे १५ दिवसांचे सीसीटीव्ही चित्रण उपलब्ध नाही. नेमक्या ज्या काळाकडे तपासाची दृष्टी लागली होती, तोच काळ यंत्राच्या स्मृतीतून नाहीसा झालेला! याचे उत्तर शोधणे तपास यंत्रणेचे आणि न्यायालयाचे काम आहे; मी त्यात निवाडा देणार नाही. परंतु त्या बातमीने आपल्या सर्वांना एक प्रश्न विचारला आहे. आपल्या मुलाच्या शाळेतील चित्रण किती दिवस टिकते, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

२१ ऑगस्ट २०२४ रोजी राज्य शासनाने शासन निर्णय काढला. शाळांनी एका महिन्यात सीसीटीव्ही बसवावेत, मुख्याध्यापकांनी आठवड्यातून किमान तीन वेळा चित्रण तपासावे, कर्मचाऱ्यांच्या पूर्वेतिहासाची पोलिसांकडून पडताळणी करावी, तक्रारपेटी ठेवावी, सखी सावित्री समित्या कार्यान्वित कराव्यात, असे त्यात सांगितले. उत्तम निर्णय. पण शासन निर्णयातील एकेका वाक्यामागे रोज उठून काम करणारा माणूस उभा राहिला नाही, तर त्याचा कागदच उरतो. आठवड्यातून तीन वेळा चित्रण पाहायचे म्हणजे काय पाहायचे? पंधरा-वीस कॅमेऱ्यांचे आठ-आठ तासांचे चित्रण कोणता मुख्याध्यापक बसून पाहील? हे शक्य नाही, हे आपणही जाणतो. म्हणूनच कोठे आणि कोणत्या वेळी पाहावे याचे भान हवे: मधली सुटी, शाळा सुटल्यानंतरचा अर्धा तास, स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ, रिकामे वर्ग, मागचे दार.

यंत्र विसरते कसे?

येथे थोडी तांत्रिक माहिती देणे आवश्यक आहे. कॅमेऱ्याने टिपलेले चित्रण डीव्हीआर किंवा एनव्हीआर नावाच्या पेटीतील हार्डडिस्कवर साठते. तिची क्षमता मर्यादित असते. कॅमेरे किती, चित्र किती स्पष्ट, चोवीस तास चित्रण चालू की हालचाल झाली तरच, यावर ती किती दिवसांत भरेल हे अवलंबून असते. ती भरली की यंत्र थांबत नाही; सर्वांत जुन्या चित्रणावर नवे चित्रण लिहू लागते. म्हणजे कोणी काही पुसले नाही तरी चित्रण आपोआप पुसले जाते. पुसलेले चित्रण प्रयोगशाळेत काही वेळा परत मिळवता येते. पण त्यावर नवे लिहिले गेले की ती आशाही मावळते.

केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने, म्हणजे सीबीएसईने, जुलै २०२५ मध्ये आपल्या संलग्न शाळांना वर्ग, मार्गिका, प्रवेशद्वारे, प्रयोगशाळा अशा ठिकाणी आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बंधनकारक केले. स्वच्छतागृहे त्यातून वगळली, आणि ते योग्यच आहे. चित्रण किमान १५ दिवस जपावे असे त्यात सांगितले. याउलट, पोलीस कोठडीतील छळाच्या संदर्भात परमवीरसिंग सैनी प्रकरणात २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातील पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसवण्याचे निर्देश दिले, तेव्हा चित्रण १८ महिने जपावे आणि बाजारात तशी सोय नसेल तरी एक वर्षाहून कमी नको, असे बजावले.

हा फरक लक्षात घ्या. कोठडीतील माणूस घाबरून उशिरा तक्रार करतो, हे न्यायालयाने ओळखले. मग चार वर्षांचे मूल केव्हा बोलते? जे घडले त्याला काय म्हणतात हेच त्याला माहीत नसते. धमकी मिळालेली असते. आई रागावेल ही भीती असते. पुष्कळदा आधी ताप येतो, मूल शाळेत जायला नकार देते, अंथरुण ओले करते, आणि मग कितीतरी दिवसांनी एखाद्या रात्री अर्धेमुर्धे वाक्य त्याच्या तोंडून निसटते. तोपर्यंत पंधरा दिवस उलटून गेलेले असतात. लेकराचा शब्द उशिरा येतो आणि यंत्राची स्मृती लवकर संपते. या दोहोंमधल्या दरीत न्याय हरवतो. पंधरा दिवस ही किमान मर्यादा आहे, त्याहून अधिक जपायला कोणी मनाई केलेली नाही. मोठी हार्डडिस्क बसवण्याचा खर्च शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या खर्चापुढे काहीच नाही.

गुरुग्राम : चित्रण एक, निष्कर्ष दोन

आता समजा चित्रण मिळाले. मग सत्य आपोआप हाती येते का? ८ सप्टेंबर २०१७ रोजी हरियाणातील गुरुग्राम येथे एका नामांकित खाजगी शाळेत दुसरीत शिकणाऱ्या सात वर्षांच्या मुलाचा सकाळीच स्वच्छतागृहात गळा चिरून खून झाला. स्थानिक पोलिसांनी त्याच दिवशी शाळेच्या बसवरील वाहकाला अटक केली. त्याने कबुली दिली असे सांगण्यात आले. दूरचित्रवाणीवर त्या गरीब माणसाचा चेहरा देशभर दाखवला गेला. लोकांच्या दृष्टीने निकाल लागला होता.

मुलाच्या वडिलांचे समाधान झाले नाही. तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे, म्हणजे सीबीआयकडे गेला. सीबीआयने घटनास्थळाची पुन्हा तपासणी, सीसीटीव्ही चित्रण, दूरध्वनींच्या नोंदी आणि न्यायवैद्यक विश्लेषण यांच्या आधारे नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच शाळेतील अकरावीच्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतले. त्या विद्यार्थ्यावरील आरोपाचा निर्णय न्यायालयाने करायचा आहे, त्याविषयी मी बोलणार नाही. परंतु वाहकाची फेब्रुवारी २०१८ मध्ये आरोपातून मुक्तता झाली, आणि पुढे सीबीआयने स्थानिक पोलिसांतील काही अधिकाऱ्यांवरच खोटे पुरावे उभे केल्याच्या आरोपाखाली आरोपपत्र दाखल केले.

शाळेतील कॅमेरे तेच होते आणि त्यांचे चित्रणही पहिल्या दिवसापासून उपलब्ध होते. मग दोन तपासांचे निष्कर्ष इतके भिन्न का? कारण आधी माणूस ठरवून मग चित्रणात त्याला शोधणे वेगळे, आणि चित्रणात जे जे आहेत त्या प्रत्येकाविषयी ‘हा येथे का आला, किती वेळ थांबला, बाहेर पडताना कसा होता’ असे प्रश्न विचारणे वेगळे. स्वच्छतागृहात कॅमेरा नसतो, नसलाच पाहिजे. बाहेरच्या मार्गिकेतील कॅमेरा कोण आत गेले आणि केव्हा बाहेर आले एवढेच सांगतो. आत काय घडले हे तपासाने, वैद्यकीय पुराव्याने, माणसांच्या जबानीने सिद्ध करावे लागते. येथे पोलिसांची सचोटी आणि कौशल्य यांची खरी परीक्षा असते. संतप्त समाजाला त्याच दिवशी आरोपी हवा असतो, आणि त्या घाईत एखादा निरपराध वाहक, शिपाई, सफाई कामगार भरडला जातो. लेकराला न्याय द्यायचा म्हणजे खरा गुन्हेगार शोधायचा. जो सापडला त्याला गुन्हेगार ठरवणे हा न्याय नव्हे. कारण त्यामुळे खरा गुन्हेगार मोकळा राहतो आणि मुलांच्याच आसपास वावरत राहतो.

न्यायालय काय मागते?

न्यायालयात चित्रण दाखवले की काम झाले, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असावेत. पहिला टोमासो ब्रुनो प्रकरणातील, २० जानेवारी २०१५ चा. वाराणसीतील एका हॉटेलात एका इटालियन पर्यटकाचा मृत्यू झाला. त्याच्या दोन सोबत्यांना जन्मठेप झाली. हॉटेलात सीसीटीव्ही होते. तपास अधिकाऱ्याने सांगितले की, मी चित्रण पाहिले, पण त्यात उपयोगाचे काही नव्हते म्हणून ते सादर केले नाही. सर्वोच्च न्यायालयाने विचारले, सर्वोत्तम पुरावा हाती असताना तो न्यायालयापुढे का आणला नाही? त्याचा निष्कर्ष सरकार पक्षाच्या विरुद्ध निघेल. दोघेही सुटले. म्हणजे पोलिसांनी चित्रण घेतले नाही तर निरपराधाला शिक्षा होऊ शकते, आणि तितक्याच सहजपणे अपराधीही सुटू शकतो.

दुसरा निकाल आपल्या मराठवाड्यातील आहे. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाले की नाही हा वाद होता, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातील चित्रण हा पुरावा होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. वाद निवडणुकीचा असला तरी नियम शाळेतल्या चित्रणालाही तोच लागू होतो.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हीच अट आणखी काटेकोर झाली. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. त्यांतील एक तज्ज्ञाने भरायचा आहे. त्यात ‘हॅश व्हॅल्यू’ नोंदवावी लागते. ही त्या चित्रणाची जणू अंगुलिमुद्रा असते. चित्रणात एका क्षणाचाही फेरफार झाला तर ती बदलते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ अन्वये पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी आदेश देऊन असा डिजिटल पुरावा मागवू शकतो, आणि कलम १०५ अन्वये झडती व जप्तीच्या प्रक्रियेचेही दृक्‌श्राव्य चित्रण करावे लागते.

कुशल तपास अधिकारी काय करतो? तो मोबाईलने पडद्याचे चित्रण करून निघून जात नाही. तो पंचांसमक्ष डीव्हीआर किंवा हार्डडिस्क ताब्यात घेतो, मोहोरबंद करतो, न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे पाठवतो. आणि एक साधी पण फार महत्त्वाची गोष्ट करतो: यंत्रातील घड्याळ आणि खरी वेळ यांतील फरक पंचनाम्यात लिहून ठेवतो. शाळांतील कितीतरी यंत्रांची घड्याळे मागे-पुढे असतात. दहा मिनिटांच्या फरकाने आरोपी घटनास्थळी नव्हताच, असा बचाव उभा राहतो.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेत मुलाला झालेल्या मारहाणीच्या प्रकरणात मी पालकांच्या वतीने गेलो होतो. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ. म्हणाले, ‘‘कॅमेरे आहेत ना, आत्ता दाखवतो.’’ कपाट उघडले. यंत्र चालू होते, पण पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. तो कॅमेरे बसवणाऱ्या माणसाकडे. त्याचा दूरध्वनी लागेना. चार दिवसांनी तो आला तेव्हा हवा होता तो दिवस पुसला गेला होता. कोणाचाही दुष्ट हेतू नव्हता. केवळ हेळसांड होती. पण त्या मुलाच्या आईच्या चेहऱ्यावरचा भाव मी विसरू शकत नाही. तिला वाटले, सारे मिळून आपल्याला फसवत आहेत. तिची समजूत मी घालू शकलो नाही.

आश्रयगृहे आणि वृद्धाश्रम

शाळेतले मूल संध्याकाळी घरी येते. त्याचे अंग पाहणारी आई असते. पण बालिकागृहातील अनाथ मुलीचे काय? वृद्धाश्रमात स्मृतिभ्रंश झालेल्या आजींचे काय? त्यांच्याकडे पाहणारे घरचे डोळेच नसतात. बिहारमधील मुजफ्फरपूर येथील बालिकागृहात मुलींवर होणारे भयानक अत्याचार २०१८ मध्ये उघडकीस आले, ते कोणत्याही कॅमेऱ्यामुळे नव्हे. आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ या गटाने बिहारमधील आश्रयगृहांचे सामाजिक लेखापरीक्षण केले. ते तरुण तेथे गेले, मुलींजवळ बसले, त्यांच्याशी बोलले, आणि ऐकले ते अहवालात लिहिले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खटला दिल्लीत चालला आणि जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले. ज्या घराचा चालकच गुन्हेगार, तेथे कॅमेऱ्याची कळही त्याच्याच हाती असणार. अशा ठिकाणी बाहेरचा माणूस वारंवार जात राहणे हाच उपाय आहे.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगतो. त्यांच्यावरील अत्याचार बहुधा मारहाणीचा नसतो; उपेक्षेचा असतो. रात्रभर पाणी न देणे, ओल्या अंथरुणावर पडू देणे, उठू नयेत म्हणून खाटेला बांधणे. जखम दिसली की ‘आजी पडल्या’ हे ठरलेले उत्तर. अशा वेळी मार्गिकेतील चित्रण पाहताना तपास अधिकाऱ्याने केवळ काय घडले ते पाहू नये. काय घडले नाही तेही पाहावे. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत त्या खोलीत कोणीही गेले नाही, हाही पुरावाच आहे.

मात्र स्नानगृह, वस्त्रांतराची जागा, आजारी माणसाची शुश्रूषा होते ती जागा, येथे कॅमेरा लावणे म्हणजे संरक्षणाच्या नावाखाली नवा अवमान. म्हातारपणी शरीर परावलंबी होते, लाज परावलंबी होत नाही.

आपण काय करावे?

कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात बोलतो आहे, तेव्हा उपदेशापेक्षा काम सांगितलेले बरे.

पहिले काम. आपल्या परिसरातील शाळा, पाळणाघर, वसतिगृह, वृद्धाश्रम येथे नम्रपणे चार प्रश्न विचारा. चित्रण किती दिवस टिकते? यंत्र कोठे आहे आणि त्याची किल्ली व पासवर्ड कोणा दोघांकडे आहेत? घड्याळ बरोबर आहे का? बंद पडलेला कॅमेरा दुरुस्त झाल्याची नोंदवही आहे का? उत्तरे कागदावर घ्या. पालक-शिक्षक संघाच्या सभेत ती वाचून दाखवा. हे भांडण नव्हे, शाळेला केलेले साहाय्य आहे.

दुसरे काम. मूल बोलले की त्याच दिवशी उठा. त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारून त्याची उलटतपासणी करू नका. ‘तू सांगितलेस, चांगले केलेस’ एवढे म्हणा आणि जवळ घ्या. मग तक्रार देतानाच लेखी मागणी करा की, अमुक तारखांचे चित्रण तत्काळ ताब्यात घ्यावे. त्या अर्जाची पोचही घ्या. शाळेलाही लेखी कळवा की चित्रण जपून ठेवा. कारण एकदा कळवल्यावर ते मुद्दाम नष्ट करणे हा गुन्हा ठरू शकतो. पॉक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकाचे कर्तव्य आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने ती दडवली तर कलम २१ प्रमाणे एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ‘आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो’ असे म्हणण्याची मुभा कोणत्याही संस्थेला नाही. ती संस्था कितीही जुनी, कितीही प्रतिष्ठित आणि आपल्या कितीही जवळची असो. हे वाक्य मी मुद्दाम दोनदा म्हणतो. आपल्या कितीही जवळची असो. संस्थेचे नाव वाचवण्यासाठी लेकराला गप्प बसवले, तर नाव राहत नाही आणि लेकरूही जाते.

तिसरे काम. त्या कुटुंबाबरोबर पोलीस ठाण्यात जा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, गणवेश न घालता घ्यावा, असे कायदा सांगतो. पालकांना हे माहीत नसते. बदलापूरच्या पालकांना ज्या तासांत ताटकळावे लागले, त्या तासांत त्यांच्याशेजारी कायदा जाणणारी चार माणसे बसली असती तर? १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक, ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि पोलिसांचा ११२ हे घराघरांत लिहिलेले असावेत.

चौथे काम संयमाचे आहे. चित्रण हाती आले तर ते व्हॉट्सअॅपवर पाठवू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते मूल उद्या मोठे होणार आहे. आपल्या वेदनेचे दृश्य लाखो मोबाईलांत पडून आहे, हे ओझे त्याने आयुष्यभर का वाहावे? आणि संतापाच्या भरात शाळेची तोडफोड करू नका. ज्या इमारतीत पुरावा आहे, तीच फोडून आपण कोणाला मदत करतो? बदलापूर प्रकरणातील आरोपी २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या ताब्यात असताना गोळीबारात मरण पावला. अनेकांना न्याय झाल्यासारखे वाटले. परंतु त्यामुळे त्याच्यावरील आरोपांची न्यायालयात होणारी तपासणी कायमची राहून गेली. पुरावा साक्षीच्या कसोटीवर घासला जाऊन दोष सिद्ध होणे, हीच पुढच्या मुलांना मिळणारी खरी हमी असते.

शेवटी शिक्षक बंधु-भगिनींना एक विनंती. कॅमेरा वर्गात आला याचा अर्थ समाजाचा तुमच्यावरील विश्वास उडाला, असा घेऊ नका. खोटा आरोप झाल्यास तेच चित्रण तुमचेही रक्षण करील. पण लहान मुलींच्या स्वच्छतागृहाबाहेर एखादी मायाळू सेविका उभी असणे, शाळा सुटल्यावर शेवटचे मूल घरी जाईपर्यंत एका शिक्षकाने थांबणे, आणि रोज हसणारे मूल आज गप्प का, हे कोणाच्या तरी लक्षात येणे, या गोष्टी कोणतेही यंत्र करणार नाही.

आज घरी गेल्यावर आपल्या मुलांजवळ, नातवंडांजवळ दहा मिनिटे बसा. मोबाईल बाजूला ठेवा. शाळेत काय शिकवले हे विचारू नका. शाळेत कोण आवडते आणि कोणाची भीती वाटते, हे विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. आणि उद्या सकाळी शाळेत जाऊन ते चार प्रश्न विचारा.